पहिला आवाज देणारे लंजे गुरुजी

मी लंजे गुरुजींच्या विरोधात पत्रक काढलं होतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाहीतर कुणाला तरी वाटायचं, आली ही बाई गोडवे गायला. पत्रकात लिहिलेलं खरं होतं. त्यातलं काहीही मी आज नाकारत नाही. पण लहान मुलं वाचायला कशी शिकतात, याबद्दल मला जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं मी ज्या माणसाला भरबाजारात झोडपलं त्याच माणसाकडून शिकले. ते पत्रकात मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

दोन हजार आठची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी चोवीस वर्षांची होते. गोंदियात एका तांदळाच्या गोदामावरची खोली म्हणजे आमच्या संघटनेचं कार्यालय. खालून कोंड्याची धूळ यायची, वर आम्ही पत्रकं लिहायचो. त्या वर्षी आमची मोहीम होती: मुलं शाळेत जातात, पण त्यांना वाचता येतं का? प्रत्येकाला एक जाड कागद दिला होता. एका बाजूला सुटी अक्षरं आणि सोपे शब्द, मागच्या बाजूला छोटी गोष्ट. गावात जायचं, तिसरी-चौथीच्या मुलांपुढे कागद धरायचा, आणि जे दिसेल ते लिहायचं. मी सौंदडच्या बाजूची गावं घेतली होती.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. पत्रकात लिहिलं होतं, तेवढं पुरे. जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली वसलेलं, चहूकडे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार, शिक्षक एक. दुसऱ्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी. (तो स्वतंत्र पत्रकाचा विषय आहे, इथे सोडते.) सौंदडला उतरल्यापासून मला प्रत्येकजण सांगत होता, "तिथं कायले जाता मॅडम? तिथले पोट्टे फाडफाड वाचतेत. लंजे गुर्जीची शाळा हाय थे."

मी परवानगी घ्यायला तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी पोचले. शाळेच्या व्हरांड्यात मंडईच्या नाटकाची तालीम चालली होती. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि नाटकाशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय वरण. राजाचं काम करणारा शेतकरी पायांना चिखल तसाच घेऊन उभा होता. त्याला संवाद पाठ असायचा प्रश्नच नव्हता. सकाळपासून तो धान बांधत होता. खांबाआड एक उंच, वाकलेला माणूस वही घेऊन बसला होता. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, मान पुढे काढलेली, जणू भिंतीपलीकडचं ऐकतोय. त्यानं ओठांतून नुसतं "र" सोडलं. आणि राजा गरजला, "रक्ताचे पाट वाहतील, सेनापती!"

हे लंजे गुरुजी. आजूबाजूच्या गावांत त्यांच्यासारखा प्रॉम्टर नव्हता.

"अख्खं वाक्य सांगे थो प्रॉम्टर कच्चा," त्यांनी मला समजावलं. "नटाले पयला आवाज द्याचा. बाकीचं त्याच्या पोटात असतेच. आपुन फक्त झाकन उघडून द्याचं."

हा माणूस बोलायला लागला की मजा यायची. पण त्याच्याशी आपण बोलायला लागलो की पंचाईत. मी म्हणाले, "उद्या मला मुलांची जरा..." आणि शब्द शोधायला थांबले, तर गुरुजींच्या ओठांतून हवेसारखं "त" आलं आणि मी म्हटलं, "तपासणी करायची आहे." मला वाटलं, शब्द मलाच सुचला.

दुसऱ्या दिवशी सोमवार.

गुरुजी वर्गात मुलांच्या मागे उभे राहायचे. भेटीला येणारे अधिकारी यावर खूश: मुलांच्या डोक्यावर बसत नाहीत, मोकळं सोडतात. मी पण खूश झाले. पहिली पुढे आली करिश्मा रामटेके. चौथीतली, एवढीशी, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या. तिनं पुस्तकातला धडा असा वाचला की मी मनात म्हटलं, चला, एक तरी शाळा धड निघाली. मग मी माझा कागद दिला. तोही वाचला. जरा थांबत, पण वाचला. मी कागद उलटून गोष्ट दिली. तळ्याकाठी एक बगळा होता, तो मासे पकडायचा, अशी काहीतरी गोष्ट.

ती दुसऱ्या ओळीत असताना स्वयंपाकघरातून शांताबाईंची हाक आली. शाळेची खिचडी त्याच शिजवायच्या. "गुर्जी, तांदराची गाडी आली जी! सही पाह्यजे म्हंतेत."

गुरुजी बाहेर गेले. आणि करिश्मा थांबली.

अडखळली नाही. थांबली. लाइट गेल्यावर पंखा थांबतो तशी. बोट मात्र ओळीवरून पुढे सरकत राहिलं.

"वाच ना गं."

तिनं मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मी दुसऱ्या मुलाला बोलावलं. त्यानं कागद घेतला आणि मागे पाहिलं. तिसरीनं मागे पाहिलं. एकामागून एक, चौथीतल्या सगळ्या मुलांनी कागद हातात घेतला आणि मागे पाहिलं. शेवटी एकजण मलाच समजावू लागला, "गुर्जीले येऊ द्या ना, मॅडम. मंग वाचतो."

मी करिश्माला जवळ घेतलं, "बगळा" या शब्दातल्या "ब"वर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"बगळा."

"ग"वर ठेवलं. "आणि हे?"

"बगळा."

"आणि हे?"

"बगळाच हाय ना जी," ती म्हणाली. माझ्या डोक्याची कीव करावी तसं ती माझ्याकडे बघत होती.

चौथीतली मुलगी. चार वर्षं रोज शाळेत आलेली. तिला तीन अक्षरं तीन दिसत नव्हती. एक चित्र दिसत होतं, आणि त्या चित्राचं नाव मागून कुणीतरी सुचवायचं.

गुरुजी सही करून परत आले, जागेवर उभे राहिले, आणि करिश्मा सुरू झाली. पंखा फिरायला लागला. आता मात्र मला ऐकू आलं. मागून, प्रत्येक शब्दाच्या आधी, बारीक फुंकर: "मा." आणि करिश्मा, "मासे." "प." "पकडायचा." इतका वेळ मला तो म्हाताऱ्या माणसाचा श्वास वाटला होता.

"गुरुजी, तुम्ही सांगताय!"

"का सांगून राहिलो?" आमच्याकडे "काय"चं "का" होतं.

"शब्द. प्रत्येक शब्दाचा पहिला आवाज."

"म्या?" त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "बाई, पोरायची शपथ घेतो. म्या तोंड उघडलं नाही."

दारात शांताबाई उभ्या होत्या, हातात खिचडी ढवळायचा सराटा. "अवो गुर्जी, तुमाले मालूम नाही का? तुमी तं सरपंचालेही सांगता!"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मागच्या सव्वीस जानेवारीला सरपंच भाषणाला उभे राहिले आणि पहिलाच शब्द विसरले. झेंड्याच्या खांबामागून गुरुजींनी सवयीनं "प्र" दिला. प्रजासत्ताक म्हणा, एवढंच. पण सरपंच घाबरलेले. त्यांना "प्र"वरून जे सुचलं ते त्यांनी म्हटलं, "प्रकृती बरी नाही," आणि खाली येऊन बसले. गावानं टाळ्या वाजवल्या.

शांताबाई हसत होत्या. पोरं हसत होती. गुरुजी हसत नव्हते.

मला हसू आलं नाही, राग आला. गावात प्रत्येकाला माहीत होतं! आईबापांना, सरपंचाला, शांताबाईंना. एका माणसाला सोडून: स्वतः गुरुजींना. आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ज्या गावात राजापासून विदूषकापर्यंत कुणी प्रॉम्टरशिवाय तोंड उघडत नाही, तिथे पोरांनी प्रॉम्टरच्या जिवावर वाचलं तर कुणाला काय नवल? "मदत करतेत बिचारे पोट्ट्यायले," असंच सगळे समजत होते.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा: वाचनाचं नाटक बंद करा! गोंदियातला छापखानेवाला जुळणी करता करता म्हणाला, "मॅडम, इस बार किसकी वाट लगाई?" मी म्हटलं, जो मुलांची वाट लावतो त्याची. मी तशीच बोलायचे तेव्हा. सौंदडच्या बाजारात उभं राहून सगळा गठ्ठा वाटला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या कार्यालयाचा जिना चढून वर आले. मी भांडायच्या तयारीत उठले. त्यांनी हातानंच मला खाली बसवलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला.

"वनिता आठवते का तुमाले?" मग स्वतःच म्हणाले, "तुमाले कशी आठवन. करिश्माची मोठी बहीण. तीन सालाआधी माह्या शारेतून पयल्या नंबरनं चौथी पास झाली. तुमचं पत्रक वाचलं, अन् सायकल काढली. म्हटलं, आपले पास झालेले पोट्टे का करून राहिले, पाहून तं येऊ."

ते थांबले. पहिल्यांदाच त्यांना स्वतःला शब्द सापडत नव्हता.

"आंगनात बिड्या वळून राहिली होती. म्हटलं, काय व पोरी, शारा? तं म्हंते, सोडली जी. पाचवीत दोन मयने गेली. तिथल्या मास्तरनं सांगतलं म्हणे, हिच्या डोक्यात कमी हाय." त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घडी घालून घालून फाटायला आलं होतं. "म्या हे तिच्या हातात देल्लं. म्हटलं, वाच बेटा, तू तं माही पयल्या नंबरची. तिनं कागद घेतला..."

"आणि?"

"अन् मागं पाह्यलं, बाई. म्या समोर बसलो होतो. तिनं मागं पाह्यलं."

खाली गोदामात हमाल पोती टाकत होते. प्रत्येक पोत्याला खोली हलत होती. मला वाटलं होतं, माझ्या पत्रकानं या माणसाला धक्का बसेल. त्याला बसलेला धक्का माझ्या पत्रकाच्या कितीतरी पलीकडचा होता.

मग ते म्हणाले, "तुमी लिवलं, बंद करा. बंद केलं. मंग सुरू का करू, थे नाही लिवलं कोठी." पत्रक उलटसुलट करून त्यांनी खरोखर पाहिलं. "करिश्मा एप्रिलनंतर पाचवीत जाईन. तिची माय म्हंते, एक पोट्टी येडी निंगाली, दुसरीची फजिती कायले करू, घरीच बसवतो. माह्याकडं एप्रिललोक टाइम हाय. अन् मे मयन्यात म्या रिटायर."

पत्रक लिहिणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. मी कपाटातून प्रशिक्षणात मिळालेली एक पुस्तिका काढली आणि वाचून दाखवू लागले: मुलाला अक्षर ओळखण्याआधी बोललेल्या शब्दातले आवाज सुटे ऐकू यायला हवेत, शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोडता यायला हवा, आणि सुटे आवाज जोडून पुन्हा शब्द करता यायला हवा, हा कान तयार नसेल, तर अक्षरं नुसती चित्रं राहतात. मी हे वाचत होते सभेत ठराव वाचावा तसं. गुरुजी मान पुढे काढून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारला.

"म्हंजे म्या मुंडकंच देत होतो, बाई! धड पोट्टे अंदाजानं लावत होते. पयला आवाज माह्याकडून आयता मिळे, तं मधला अन् शेवटचा आवाज त्यायनं कायले ऐकाचा?"

पुस्तिका माझी होती. पण ती कळली त्यांना.

डिसेंबरपासून मी दर पंधरवड्याला जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा ओरडायच्याच बेतात होते. गुरुजी तोंडाला दुपट्टा बांधून वर्गासमोर बसले होते, डाकूसारखे. पोरं म्हणाली, गुर्जीची दाढ दुखून राहिली. दाढ नव्हती दुखत. त्यांना स्वतःच्या ओठांवर भरोसा राहिला नव्हता. कापडाला आवाज अडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण ओठ हलले की कापड लागायचं, आणि ते सावध व्हायचे. मागे उभं राहणं त्यांनी सोडलं ते सोडलंच.

पुस्तकं त्यांनी कपाटात घालून ठेवली. पोरांपुढे चिचोक्यांचा ढीग. एक शब्द म्हणायचा, जितके आवाज ऐकू येतील तितके चिचोके मांडायचे. पहिला आवाज पोरं झोपेतही सांगायची; त्यात त्यांची चार वर्षं तालीम झाली होती. पण शेवटचा विचारला की सगळा घोळ.

"तलाव. शेवटी का ऐकू येते?"

"पाळ!" एकानं सांगितलं.

"सांडवा!" दुसरा ओरडला. "गुर्जी, हा येडा हाय, शेवटी सांडवाच असते."

गुरुजींनी दुपट्टा खाली ओढला. "अरे बाप्पा, तलावाच्या शेवटी नाही. तोंडाच्या शेवटी. म्हणा, त... ला... व. ओठाले का झालं?"

पोरं "व" म्हणून एकमेकांच्या ओठांना हात लावून बघू लागली. एवढं साधं. त्या खोलीत इतकी वर्षं कुणी मुलांना त्यांच्याच तोंडात डोकावायला सांगितलं नव्हतं. शहरातल्या शाळांतही सांगत नाहीत, हे मी नंतर पाहिलं.

मग मुंडकं उडवायचा खेळ. कमळाचं मुंडकं उडवा: मळ. बदकाचं उडवा: दक. पोरं हसून लोळायची. करिश्माची रिश्मा झाली. लंज्यांचं मुंडकं उडवलं तर "जे" उरला. तेव्हापासून वर्ग त्यांना मागून जे गुर्जी म्हणायचा, आणि त्यांना ते माहीत होतं. मग उलटा खेळ: गुरुजी टाळी वाजवत एकेक आवाज सुटा सोडायचे, "मा... क... ड," आणि पोरं जोडून ओरडायची. हे सगळं जमल्यावर प्रत्येक चिचोक्याखाली खडूनं एकेक अक्षर आलं. तोवर जानेवारी संपत आला होता.

आता कुणाला वाटेल, गाव खूश झालं असेल. गाव पेटलं होतं. काल फाडफाड वाचणारी पोरं आज एकेका शब्दाला घाम गाळत होती. मी दिसले की बायका तोंड फिरवायच्या. करिश्माची आई रंजनाबाई मजुरीला जायची, आणि स्पष्ट बोलायची. तिनं मला शाळेच्या फाटकातच गाठलं.

"तुमी लिवल्यापासून माही पोट्टी मुकी झाली, बाई. पयले अख्खं पुस्तक वाचे."

"ती वाचत नव्हती, रंजनाबाई."

"मंग आता का करून राहिली? चिचोके खेळून राहिली! चिचोके खेळाले तं घरीही येते." ती गुरुजींकडे वळली. "काऊन जी गुर्जी? एका पोट्टीले येडी ठरवलं, पोट नाही भरलं का? आमी शिकाचं म्हटलं की आमच्याच पोट्टायचं डोस्कं कमी निंगते काऊन? तुमच्या घरच्यायचं नाही निंगत थे?"

तो प्रश्न सरळ होता आणि जातीनं वेगळ्या पडलेल्या गावातल्या दोन वस्त्यांमधून आरपार गेला होता. मला वाटलं, गुरुजी आता काहीतरी गोड बोलतील. ते म्हणाले, "डोस्कं वनिताचं कमी नव्हतं. माहं होतं. करिश्माले एप्रिललोक ठेव. मंग तुले वाटन थे कर."

रंजनाबाईनं एप्रिलपर्यंत ठेवली. विश्वासानं नाही, उन्हाळा लागेपर्यंत घरी तरी तिला कुठं काम होतं, म्हणून.

फेब्रुवारीत एकदा स्वयंपाकघरातून शांताबाईंची किंकाळी आली. मला वाटलं भाजलं. धावत गेले तर करिश्मा तांदळाच्या पोत्यासमोर उकिडवी बसली होती, बोटांच्या पेरांवर आवाज मोजत. पोत्यावर छापलेलं तिनं एकटीनं, मागे-पुढे कुणी नसताना वाचलं होतं. "तांदूळ म्हंते जी! पोत्यावर लिवून हाय म्हंते!" शांताबाई तिला कवटाळून नाचत होत्या. गुरुजी दारापर्यंत आले, ऐकलं, आणि तसेच परत फिरले. पाठमोरे असताना त्यांचे खांदे हलताना मला दिसले. रंजनाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "एक शब्द? सालभरात एक शब्द?"

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पालकसभा ठेवली होती. वर्गातली पोरं काय वाचतात, ते गावानं बघावं. माझं पत्रक वरपर्यंत पोचलं होतं, म्हणून तालुक्याहून एक साहेबही येऊन खुर्चीवर बसले होते. मी मागे, पेरूच्या झाडाखाली. सभेचा विषय ठरलेला होता: पोरगी वाचणार की नाही, आणि रंजनाबाई तिला पाचवीत घालणार की नाही.

गुरुजींनी करिश्माला पुढे बोलावलं. स्वतः तिच्यासमोर, चांगली दहा पावलं लांब, जमिनीवर बसले. दुपट्टा खांद्यावर होता. तोंड उघडं.

साहेबांनी पुस्तक पुढे केलं. रंजनाबाई उठून उभी राहिली. "पुस्तक नोको जी. पुस्तक तं वनितालेही पाठ होतं."

"बराबर," गुरुजी म्हणाले. "पुस्तक नोको." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. "रंजना, तू बोट ठेव. कोठीही ठेव. तुह्या पोरीनं हे आधी पाह्यलं नाही."

मला तो कागद लांबूनही ओळखू आला. मी उठणार होते. शांताबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं.

रंजनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मधोमध कुठंतरी बोट टेकवलं. "हे वाच."

करिश्मानं कागद डोळ्यांजवळ नेला. तिनं मागे पाहिलं नाही.

"या... शा... शाळेत... शि... शिक्षक... मु... लां... मुलांची... उ... उघड..."

आणि ती अडकली. तो शब्द मला पाठ होता. मीच लिहिला होता, दोनदा खोडून, जास्त झोंबेल असा शोधून. अंगणात कुणी हलत नव्हतं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कुणीतरी कुजबुजलं, "झालं." मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा जबडा आवळलेला होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले होते. आयुष्यभर पहिला आवाज दिलेला माणूस. एवढासा श्वास सोडला असता तर पोरगी सुटली असती, आणि तेही.

करिश्मानं पेरांवर बोट ठेवलं. "फ... स... व..." दुसऱ्या पेरावर. तिसऱ्या. "णू... क. फसव... फसवणूक." मग पूर्ण, मोठ्यानं, न अडखळता: "या शाळेत शिक्षक मुलांची उघड फसवणूक करीत आहेत."

तिनं वाक्य संपवलं आणि कागद खाली केला. आधी वाचलं होतं, आता कळलं. तिचे डोळे मोठे झाले.

"गुर्जी, हे तुमच्यावर लिवलं हाय!"

"होय," गुरुजी म्हणाले. "पुढं वाच."

"मी नाही वाचत."

"वाच, बेटा."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. रडत वाचलं. माझं प्रत्येक विशेषण त्या अंगणात एका चौथीतल्या मुलीच्या तोंडून, फोडून, जोडून, पुन्हा एकदा ऐकावं लागलं. गावासमोर, साहेबांसमोर. गुरुजी मान पुढे काढून ऐकत होते, जणू वाचनातला एक आवाज निसटायला नको. मी सभा पाहिल्यात, घेराव पाहिलेत, लाठीमार पाहिलाय. असलं काही पाहिलं नव्हतं.

"हे खरं हाय का जी गुर्जी?" रंजनाबाईनं विचारलं.

"खरं हाय. पाचवीत घालशील ना हिले?"

रंजनाबाईनं पोरीच्या हातातून कागद घेतला, आपल्याला वाचता येत असल्यासारखा त्याच्याकडे बराच वेळ पाहिला. "घालतो," ती म्हणाली. मग एकदम, चिडून, "अन् वनिताचं का?"

साहेब उठले, चहा आला, सभा संपली.

जुलैमध्ये मी त्या बाजूला दुसऱ्या कामासाठी गेले होते. करिश्मा पाचवीत जाऊ लागली होती, हे मला बसमध्येच शांताबाईंकडून कळलं. परतीच्या बसला थोडा वेळ होता, म्हणून रामटेक्यांच्या घरी गेले; गुरुजी हल्ली तिथेच भेटतात, हेही शांताबाईंनीच सांगितलं होतं. गुरुजींना सांगायचं होतं की मी दुसरं पत्रक काढतेय, त्यांच्या बाजूनं. मजकूर पिशवीत होता.

ते अंगणातच होते. निवृत्त माणूस, पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, जमिनीवर मांडी घालून. समोर वनिता. तेरा-चौदा वर्षांची, मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू. बोटं बिडी वळत होती. डोळे सुपाच्या कडेला टेकवलेल्या पाटीवर होते. पाटीवर एकच शब्द. मला कुंपणाबाहेरून तो दिसत नव्हता.

"जा जी गुर्जी," ती म्हणत होती. "मले नाही येत. लोकं हासतेत."

ते गेले नाहीत.

"गुरुजी!" मी हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. तळवा माझ्याकडे. थांबा. वनिताच्या बोटांतली बिडी अर्धी वळून थांबली होती. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

मी कुंपणाशी उभी राहिले. मोठ्या रस्त्यावर माझी बस आली, हॉर्न वाजवला, आणि गेली. वनिता अजून त्याच शब्दावर होती, आणि गुरुजी गप्प होते.